समुद्रातल्या पवनचक्क्या: '२०३० पर्यंत ३० गिगावॉट', पण हे तीस मोजले कुणी?

भूगोलवाल्या बाई

नमस्कार मंडळी. मी पालघर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. प्रश्न मुळात माझा नाही, अकरावीतल्या एका मुलाचा आहे. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून आता तो माझ्या डोक्याला लागलाय.

अपारंपरिक ऊर्जेचा धडा चालू होता. मी फळ्यावर लिहिलं, 'समुद्रातील पवनऊर्जा : भारताचे उद्दिष्ट, २०३० पर्यंत ३० गिगावॉट'. मागच्या बाकावरून एक हात वर आला. मुलगा मच्छीमाराच्या घरचा, एरवी तोंड उघडत नाही. म्हणाला, "बाई, आत्ता किती आहेत?" म्हटलं, शून्य. "मग तीस कुणी मोजले?" वर्ग खिदळला, मीही हसले. तेवढ्यात तास संपला, सुटले.

घरी येऊन वाचत बसले. जून २०१८ मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं जाहीर केलं होतं, समुद्रात २०२२ पर्यंत ५ गिगावॉट आणि २०३० पर्यंत ३०. त्याच्या आधी एप्रिलमध्ये खंबातच्या आखातात, गुजरातच्या पिपावाव बंदराजवळ, पहिल्या १ गिगावॉटसाठी कुणाला रस आहे का, अशी विचारणा झाली होती. देशीविदेशी ३५ कंपन्यांनी 'आहे' म्हटलं. २०२२ साल आलं तसं गेलं, समुद्रात एक खांबसुद्धा रोवला गेला नाही. एवढं होऊनही पुढे ३७ गिगावॉटच्या निविदा कुठल्या वर्षी किती काढायच्या याचं वेळापत्रक आलं! १९ जून २०२४ ला मंत्रिमंडळानं ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. ती वाचली तर त्यात गुजरातजवळ ५०० मेगावॉट, तमिळनाडूजवळ ५०० मेगावॉट. म्हणजे सगळं मिळून १ गिगावॉट. पुढे त्यातल्या गुजरातच्या ५०० ची निविदा निघाली, मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि २०२५ मध्ये ती रद्दच झाली.

(जाता जाता : त्या १९ जूनच्याच बैठकीत आमच्या वाढवण बंदराच्या ७६,२०० कोटींनाही मंजुरी मिळाली. त्यामुळे पवनचक्क्यांची बातमी आमच्या जिल्ह्यात कुणाच्या कानावर गेली असेल असं वाटत नाही.)

तर मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सरकार असा आकडा ठरवतं तेव्हा नेमकं काय मोजतं? आणि तो चुकला तर कुणी कुणाला जाब विचारायचा असतो? कुणी या क्षेत्रात असाल तर सांगा. 'गूगल करा' म्हणू नका, केलंय.

टवाळ

बाई, आमच्या सोसायटीनं २०१८ च्या सभेत २०२२ पर्यंत इमारतीला रंग काढायचा ठराव केला होता. २०२२ च्या सभेत 'रंगकाम २०३०' असा नवा ठराव झाला, पेढे वाटले. भिंतीला अजून ब्रश लागलेला नाही.

तीस साली तीस. आकडा मोजला-बिजला नसणार, पाठ करायला सोपा म्हणून घेतला असणार. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय.

उत्तरेचा वारा

टवाळ यांनी गमतीत म्हटलंय, पण बाण बरोबर बसलाय. 'तीस साली तीस' म्हणणारे आपण एकटे नाही. भारतानं २०१८ मध्ये म्हटलं. ब्रिटननं मार्च २०१९ मध्ये तिथल्या उद्योगाशी करार करताना हाच आकडा धरला. अमेरिकेत बायडेन सरकारनं मार्च २०२१ मध्ये तोच जाहीर केला. जर्मनीनं २०२२ मध्ये कायदा बदलला आणि त्यातही २०३० साठी किमान ३० गिगावॉटच आहे. चार देश, त्यांचे समुद्र वेगळे, वारा वेगळा, विजेची गरज वेगळी. मोजून काढलेला आकडा असा चारही ठिकाणी सारखा निघेल का?

मी मूळचा चिंचवडचा, वेल्डिंग तपासनीस. २०११ मध्ये जर्मनीत ब्रेमरहाफेनला आलो. वेझर नदीच्या मुखावरचं बंदर. पवनचक्की समुद्रतळावर ज्यावर उभी राहते त्या पोलादी तिपाया इथे बनायच्या. पिवळ्याधमक रंगाच्या, एकेक शेकडो टनांची. धक्क्यावर ओळीनं उभ्या असल्या की राक्षसाच्या स्वयंपाकघरातली तिवई वाटायची. तेव्हा जर्मनीचं उद्दिष्ट होतं २०२० पर्यंत १० गिगावॉट आणि २०३० पर्यंत २५. गावात दर महिन्याला कुठला तरी नवा फलक लागायचा. खलाशांच्या खाणावळीतसुद्धा मेगावॉटच्या गप्पा.

मग हळूहळू कळायला लागलं की हा १० चा आकडा काढताना समुद्रातून वीज किनाऱ्यावर आणणाऱ्या केबलचा हिशेब कुणी मांडलाच नव्हता. नोव्हेंबर २०११ मध्ये ग्रिड चालवणाऱ्या कंपनीनं सरकारला पत्र धाडलं, की या वेगानं जोडण्या देणं आम्हाला शक्य नाही, तेवढा पैसा नाही आणि केबल-उपकरणं पुरवणारेही पुरेसे नाहीत.

याचा सगळ्यात मासलेवाईक नमुना म्हणजे बोर्कुम बेटाजवळचं रिफगाट. ३० पवनचक्क्या, १०८ मेगावॉट. २०१३ च्या उन्हाळ्यात सगळं उभं राहिलं, उद्घाटन झालं. केबलचा मात्र पत्ता नव्हता. तिच्या वाटेवर समुद्रतळाशी दुसऱ्या महायुद्धातला दारूगोळा पडलेला होता, तो काढता काढता महिने गेले. पवनचक्की नुसती उभी ठेवली तर खाऱ्या हवेत आतले भाग खराब होतात. म्हणून डिझेल जाळून जनरेटर चालवायचे आणि त्यावर यंत्रं जागती ठेवायची. वाऱ्यातून वीज काढायला उभी केलेली यंत्रं डिझेलवर! केबल जोडली गेली फेब्रुवारी २०१४ मध्ये. पेपरवाल्यांची तोवर चैन होती.

२०१४ मध्ये सरकारनं कायदा बदलून उद्दिष्टच खाली आणलं. २०२० साठी १० चे ६.५ केले, २०३० साठी २५ चे १५. केबलची जोडणी जास्तीत जास्त ७.७ गिगावॉटपर्यंतच वाटायची, असंही ठरवलं. आणि २०२० संपलं तेव्हा समुद्रात किती उभं होतं? पावणेआठच्या आसपास. मोजून लावलेला आकडा गाठला गेला, वर थोडा ओलांडलाही.

हे वाचून 'बघा, वास्तववादी उद्दिष्ट कसं सफल होतं' असं कुणी म्हणेल. थांबा जरा. १० आणि २५ वर विश्वास ठेवून ज्यांनी कारखाने टाकले, त्यांच्यासमोर एका सकाळी ६.५ आणि १५ आले. मागण्या आटल्या. मी होतो तो कारखाना २०१५ मध्ये बंद झाला. तिपाया करणारे आम्ही काही शे लोक घरी बसलो. माझ्या मुलीला बालवाडीत घालून आठवडा झाला होता. पुढे दीड वर्ष मी जहाजदुरुस्तीच्या गोदीत मिळेल ते काम केलं. काही वर्षांनी उद्दिष्ट वर गेलं, २० झालं, मग ३०. पण ज्या हातांना ते वेल्डिंग येत होतं ते तोवर मोटारींकडे गेले होते, नाहीतर पेन्शनीत. बाई, आकडा चुकला की जाब कुणाला विचारायचा, असं तुम्ही विचारलंत. आम्हीही विचारलं होतं. संसदेत भाषणं झाली.

आता जर्मनांनी यातून काय शिकलं ते सांगतो, ते कामाचं आहे. हॅम्बुर्गला एक सरकारी सागरी संस्था आहे. ती समुद्राचा आराखडा काढते. त्यात प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे, त्याची हद्द आहे, तो तुकडा कुठल्या वर्षी लिलावात येणार आणि त्याची केबल कुठल्या वर्षी पोचणार, हे लिहिलेलं आहे. समुद्राचा सातबाराच म्हणा ना. ३० हा आकडा घ्यायचा आणि या उताऱ्यावरच्या नोंदींची बेरीज करून बघायची. कुठे कमी पडतंय ते कुठल्याही नागरिकाला बसल्या जागी दिसतं. उशीर होतोय हेही दिसतं. २०२४ अखेर इथे ९ गिगावॉटच्या आसपासच होतं, त्यामुळे २०३० ला ३० होणार नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळतं. फरक इतकाच, की का होणार नाहीत हे आता तुकड्यागणिक सांगता येतं.

त्यालाही एक भोक राहिलंच. २०२३ मध्ये ७ गिगावॉटच्या जागांसाठी तेलकंपन्यांनी १,२६० कोटी युरो मोजायची तयारी दाखवली. अनुदान घ्यायचं सोडून उलट सरकारलाच पैसे द्यायचे! अर्थखातं खूश. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा लिलाव लावला, दोन जागा, एकाही कंपनीची बोली आली नाही. व्याज वाढलेलं, पोलाद महाग, विजेला पुढे काय भाव मिळेल याची खात्री नाही. सातबारा चोख होता, गिऱ्हाईकच आलं नाही.

ब्रिटनचंही तेच झालं होतं, सप्टेंबर २०२३ मध्ये. त्यांचा आकडा तोवर ३० वरून ४० आणि ४० वरून ५० वर गेलेला. आणि लिलावात समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी बोली किती आल्या? एकही नाही. कारण सरकारनं विजेला कमाल दर लावला होता मेगावॉट-तासाला ४४ पौंड, तोही २०१२ च्या किमतीत. त्या दरात कुणालाच परवडेना. पुढच्या लिलावात तो ७३ केला, बोली आल्या. ५० चा आकडा तेव्हाही तिथेच होता, आधीही तिथेच होता. ४४ चे ७३ झाल्यावर हालचाल झाली.

म्हणून माझा मुद्दा असा, बाई. मुलांना ३० शिकवू नका असं नाही. पण त्याच्याशेजारी फळ्यावर आणखी चार रकाने आखा : कुठला तुकडा, कुठली केबल, कुठलं बंदर, कोण घेणार आणि काय भावानं. भारताच्या बाबतीत कुठले रकाने भरता येतात ते मुलांनाच बघू द्या. काही भरता येतात. २०१७ च्या नोव्हेंबरात पिपावावपासून २३ किलोमीटर आत वारा मोजायचं यंत्र बसवलंय, ते खरोखर मोजलेलं आहे. शंभरेक मीटर उंचीवर सरासरी वेग सेकंदाला साडेसात मीटरच्या जवळपास निघाला. बोर्कुमजवळ तोच दहाच्या घरात असतो. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या पटीत बदलते, म्हणजे साडेसातच्या वाऱ्यात दहाच्या वाऱ्याच्या निम्मीसुद्धा ऊर्जा नसते. तमिळनाडूच्या टोकाला वारा चांगला आहे, गुजरातचं गणित अवघड आहे. केबलचं म्हणाल तर समुद्रातलं उपकेंद्र आणि तिथून किनाऱ्यापर्यंतची केबल सरकारी पॉवरग्रिड टाकणार असं २०२४ च्या निर्णयात आहे. इथल्या अनुभवावरून सांगतो, ते शहाणपणाचं आहे. बंदरासाठी ६०० कोटी वेगळे ठेवलेत, तेही बरं. पण या पवनचक्क्या उभ्या करणारं खास जहाज, चार पाय समुद्रतळावर टेकवून स्वतःला पाण्याबाहेर उचलणारं, ते आपल्याकडे नाही. युरोपातून भाड्यानं आणायचं तर दिवसाचं भाडं ऐकून झोप उडते. ५०० मेगावॉटसाठी ते एवढ्या लांब कोण पाठवेल? ५,००० चं काम एकापाठोपाठ असेल तर पाठवतील. इथे मात्र मोठ्या आकड्याचा उपयोग असतो, हे टवाळ यांच्यासाठी.

टवाळ

मान्य. पेढे परत करतो.

जमाखर्च

वरच्या प्रतिसादातल्या शेवटच्या रकान्याबद्दल लिहितो, तो माझा प्रांत. मी वीज वितरणात, वीजखरेदीच्या हिशेबात एकतीस वर्षं काढली. आता निवृत्त, नागपूर.

बाई, सौरऊर्जेशी ताडून बघा म्हणजे फरक कळेल. २०१० मध्ये सरकारनं म्हटलं, २०२२ पर्यंत २० गिगावॉट सौर. आम्ही कार्यालयात हसलो होतो, लपवत नाही. २०१५ मध्ये त्याचे १०० केले, तेव्हा तर चहा नाकात गेला. २०२२ संपलं तेव्हा ६३ च्या आसपास झाले होते. चुकलं ना? चुकलं. पण १०० झाले जानेवारी २०२५ अखेर. दोन वर्षं उशीर. हा उशीर आणि समुद्रातलं शून्य, दोघांनाही 'उद्दिष्ट हुकलं' हाच शब्द वापरला तर हिशेबाची वही फाडावी लागेल.

सौरमध्ये काय होतं? दरवर्षी लिलाव. प्रत्येक राज्याच्या वितरण कंपनीवर अमुक टक्के नवीकरणीय वीज घेण्याचं बंधन. आणि भाव घसरत गेला. मे २०१७ मध्ये राजस्थानात भडलाच्या लिलावात २ रुपये ४४ पैसे निघाला, तेव्हा आमचे साहेब तो कागद हातात घेऊन टेबलाटेबलांवर फिरले होते. खरेदीदाराला लाडीगोडी लावायची गरजच उरली नाही.

आता समुद्राचं. ७,४५३ पैकी ६,८५३ कोटी हे १,००० मेगावॉटसाठीचं अनुदान. भागाकार करा, मेगावॉटला ६ कोटी ८५ लाख. जमिनीवर आख्खी पवनचक्की उभी करायला मेगावॉटला जो खर्च येतो, जवळजवळ तेवढं इथे नुसतं अनुदान आहे! सरकारच्या अंदाजानं यातून वर्षाला ३७२ कोटी युनिट मिळतील. २५ वर्षं धरली तर ९,३०० कोटी युनिट. म्हणजे अनुदान पडलं युनिटला ७४ पैसे. (व्याज धरलेलं नाही. धरलं तर वाढतं, पण वर्गात सांगायला एवढं पुरे.) ७४ पैसे ऐकायला फार वाटत नाहीत. पण ते पहिल्या १ गिगावॉटचे आहेत. तीसही गिगावॉट याच हिशेबानं करायचे म्हटले तर २ लाख ५ हजार कोटी लागतील. २०१८ चा आकडा जाहीर करताना त्याच्या मागे एक रुपयाचीही तरतूद नव्हती, आणि सहा वर्षांनी आली ती तिसाव्या हिश्श्याची. तीस कुणी मोजले ते मला माहीत नाही, पैसे मोजले ते एकाचे.

वितरण कंपनीतल्या माणसाची मानसिकताही समजून घ्या. महाराष्ट्रात आमच्या पिढीला दाभोळ, एन्रॉनचा वीजप्रकल्प, आठवतो. महागड्या विजेचा करार गळ्यात पडला की काय होतं ते आम्ही पाहिलंय. २००१ मध्ये राज्याच्या वीज मंडळानं ती वीज घेणंच थांबवलं. तेव्हापासून कुणीही पंचवीस वर्षांचा करार पुढे केला की पेनाचं टोपण निघायला वेळ लागतो. समुद्रातल्या विजेची फाईल आली तर पहिला शेरा पडणार, 'सौर दराशी तुलना सादर करावी'. मीच लिहिला असता.

पण हा शेरा अर्धवट आहे, हे निवृत्तीनंतर कबूल करतो. सौर वीज संध्याकाळी सहाला घरी जाते. साडेसातला सगळ्या महाराष्ट्रात दिवे, पंखे, मिक्सर, आणि वीजबाजारात भाव युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. त्या वेळी जी वीज मिळते तिची दुपारच्या अडीच रुपयांशी तुलना करणं म्हणजे पावसाळ्यातल्या छत्रीचा भाव उन्हाळ्यात विचारणं. समुद्रावरचा वारा रात्रीही असतो. तेव्हा गिगावॉटचं उद्दिष्ट लावण्याऐवजी 'संध्याकाळी सहा ते अकरा इतके युनिट' असं लावलं तर खरेदीदार नीट बसून बोलेल, असं माझं मत. माझं कोण ऐकतंय म्हणा.

डोलजाळं

मी बाईंच्याच तालुक्यातला. तो मुलगा आमच्याच पाड्यातला असेल तर शाब्बास म्हणून सांगा.

वर चार रकाने आखलेत, पाचवा राहिला. त्या तुकड्यात आधी कोण आहे?

आमचं डोल जाळं एका जागी असतं. समुद्रात कव, म्हणजे खुंट, रोवायची, जाळ्याचं तोंड पाण्याच्या ओढीकडे करून बांधायचं, भरती-ओहोटीच्या जोरावर बोंबील आपणहून आत येतो. उधाणाच्या भरतीला ओढ जास्त, भांगाच्या भरतीला कमी, त्यावर आमचं पंचांग. जाफराबादकडचे लोकही डोलच लावतात, बोंबील सुकवतात. पिपावाव तिथून हाकेवर. आता कुणाची कव कुठपर्यंत, हे कुठल्याच सरकारी नकाशात नाही. गावागावांच्या जुन्या समजुतीवर चालतं, आणि तरीही भांडणं होतात. आमच्या भागात आणि वसई-उत्तनकडच्या लोकांत कव रोवायच्या हद्दीवरून किती बैठका झाल्या ते आमच्या सोसायटीच्या दप्तरात बघा. तीन पिढ्यांनी मिटवलेलं नाही.

तर वरचे साहेब समुद्राचा सातबारा म्हणाले, ते मला आवडलं आणि धडकीही भरली. सातबाऱ्यावर कूळ नावाचा रकाना असतो. समुद्राच्या उताऱ्यावर आम्ही कुठे? नकाशात निळा रंग दिसतो म्हणून जागा मोकळी समजतात. बंदराच्या वेळी हेच सांगून थकलो.

मी पवनचक्कीच्या विरोधात नाही, उगाच शिक्का मारू नका. डिझेलचा खर्च आम्हालाच जास्त चटके देतो, वारा फुकट आहे हे कोळ्याला शिकवायला नको. फक्त विचारतो, खांबांच्या मधून होडी जाऊ देणार का? जाळं लावू देणार का?

उत्तरेचा वारा

@डोलजाळं, दादा, रकाना राहिला हे खरं. उत्तर सरळ सांगतो. ब्रिटनमध्ये बांधकाम संपलं की बहुतेक ठिकाणी मधून जायला, मासेमारीलाही बंदी नसते, पण तळ खरवडणारं जाळं केबलमध्ये अडकेल या भीतीनं बरेचजण जात नाहीत. जर्मनीत पवनचक्कीभोवती ५०० मीटरचं सुरक्षाक्षेत्र असतं आणि ट्रॉलरला आत मज्जाव. नेदरलँड्समध्येही तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना मनाई. तुमच्यासारखं खुंट्याला बांधलेलं जाळं इथे कुणी लावत नाही, त्यामुळे त्याचा नियम इथून उचलून तिकडे नेता येणार नाही. तिकडेच ठरवावा लागेल, आणि तो तुकड्याचा लिलाव निघण्याआधी. लिलावानंतर कंपनीनं पैसे भरलेले असतात, मग कुणी ऐकत नाही. आमच्या इथल्या कोळंबी पकडणाऱ्यांचा अनुभव आहे.

भूगोलवाल्या बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्गात पाच रकाने आखले. जमाखर्च काकांचा भागाकार मुलांकडून करून घेतला. ७४ पैसे एका मुलीनं काकांच्या आधी काढले असते, इतक्या झटकन काढले. '३०' समोर मुलांनी भरलेला तक्ता असा झाला : तुकडा, थोडा. केबल, कागदावर. बंदर, कागदावर. घेणारा, रिकामं. आधी कोण आहे, रिकामं. त्या मुलानं त्या शेवटच्या रकान्यात पेन्सिलीनं 'डोलवाले' असं लिहून टाकलं. मी खोडलं नाही.

डोलजाळं दादा, तुमच्या पाड्यातला नाही, शेजारच्या. पण शाब्बास पोचवली.

त्यानं जाता जाता आणखी एक विचारलं आणि मी पुन्हा अडकले. आपल्याकडे अरबी समुद्रावर सगळ्यात जोराचा वारा जून ते ऑगस्ट. म्हणजे वीजही तेव्हाच सगळ्यात जास्त. पण १ जून ते ३१ जुलै आमच्याकडे मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, पाण्यात कुणी जातच नाही. त्याचं म्हणणं, "बाई, तेव्हाच पंखा बिघडला तर दुरुस्तीला कोण जाणार?"

उत्तरेचा वारा

बाई, त्या मुलाला इकडे नोकरीला पाठवा.

इथे उलट सोय आहे. वारा हिवाळ्यात, देखभालीची मोठी कामं उन्हाळ्यात. तरीही लाट दीडेक मीटरच्या वर गेली की छोट्या बोटीवरून खांबाच्या शिडीवर माणूस चढवत नाहीत. मोठं जहाज आणि हलता पूल असला तर अडीच-तीन मीटरपर्यंत जमतं, पण त्याचं भाडं जमाखर्च काकांना आत्ताच सांगत नाही. पावसाळ्यात बिघडलेली पवनचक्की दसऱ्यापर्यंत तशीच उभी राहिली, तर वर्षाच्या विजेतला मोठा वाटा तिथेच गेला. ३७२ कोटी युनिटांच्या अंदाजात हे किती धरलंय ते बघायला हवं.

त्याला एक काम द्या. जुलैमध्ये २०-२५ किलोमीटर आत लाट किती असते, घरच्या मोठ्यांना विचारून लिहून आणायला सांगा. हातानं, वावेनं, जसं ते सांगतील तसं. मीटर मी करून देतो.

डोलजाळं

जुलैमध्ये २० किलोमीटर आत गेलेला माणूस शोधावा लागेल. आमचे आजोबा एकदा गेले होते, वादळात सापडून. संध्याकाळी विचारून कळवतो.